हजार चादरींचे भांडण

त्यांची पहिली भेट ही वास्तविक भेट नव्हतीच. ती टक्कर होती.

सकाळच्या पाळीची घंटा नुकतीच होऊन गेली होती. धुलाई केंद्राच्या लांबट बोळातून ती ऊन ऊन चादरींनी भरलेली गाडी ढकलीत येत होती. समोरून तो, हातात हत्यारांची पेटी घेऊन, मान खाली घालून, समोर कोणीही नसताना कोणाशी तरी वाद घालीत येत होता. वळणावर गाडीचे चाक पेटीवर आदळले, गाडी कलंडली, आणि त्या साऱ्या शुभ्र चादरी ओल्या फरशीवर पसरल्या.

ती कडाडली—

"डोळे घरी ठेवून आलात का?"

"डोळे जागेवर आहेत. गाडी बोळाच्या डाव्या बाजूने न्यायची असते, तुम्ही मधोमध—"

"एकसष्ट चादरी! पुन्हा धुवायच्या, पुन्हा वाळवायच्या! आणि हे मला डावं-उजवं शिकवताहेत!"

"एकसष्ट कशावरून? मोजल्यात?"

"मी घडीखोलीत काम करते. मला मोजावं लागत नाही. नुसतं बघितलं की कळतं."

तो खाली बसला आणि एकेक चादर उचलून खरोखरच मोजू लागला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. शेवटची चादर गाडीत टाकून त्याने वर पाहिले.

"बासष्ट."

"शक्यच नाही!"

"एक चाकाखाली होती." तो पेटी उचलून चालू लागला. मग थांबून म्हणाला, "पण... एकने चुकलात. नुसतं बघून एकनेच चुकणं म्हणजे कमाल आहे."

ही स्तुती होती की टोमणा, हे तिला संध्याकाळपर्यंत कळले नाही, आणि त्यामुळे तिचा संताप दुप्पट झाला.

मी त्या केंद्रात बॉयलरवर कामास होतो. बॉयलरखोली आणि घडीखोली यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत वाफेच्या नळासाठी पाडलेले एक भोक होते. त्या भोकातून जे ऐकू आले आणि पुढे त्या दोघांनी स्वमुखाने जे सांगितले, तेच मी येथे लिहीत आहे.

तिला सारे केंद्र ठिणगी म्हणत असे. त्याला वकील. तो वकील नव्हता. चादरी वाळविणाऱ्या यंत्रांचा मेकॅनिक होता. परंतु कोणी "आज उकडतंय" म्हटले तरी "कालच्यापेक्षा की परवापेक्षा?" असे विचारल्यावाचून त्याला राहवत नसे.

आमच्या केंद्रात इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही. त्यास दोन माणसे लागतात. दोघांनी दोन-दोन टोके धरायची, मागे सरून चादर ताणायची आणि एक जोरदार झटका द्यायचा, म्हणजे सुरकुत्या निघतात. मग लांबीत घडी, आणि मग एकमेकांकडे चालत यायचे. एकाने आपली टोके दुसऱ्याच्या हाती द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे जायचे, आणि पुन्हा यायचे. एका चादरीमागे दोन वेळा समोरासमोर. हजार चादरींमागे दोन हजार वेळा. माणूस नावडता असेल तर याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

सहा वर्षे ठिणगीच्या समोर तिची सख्खी आत्या उभी असे. काम तेच आणि तेच. पण आत्याने त्यात एक खेळ शोधून काढला होता. चादर हाती आली की आत्या विचारी, "ही कुणाची गं?" आणि ठिणगीने परत येईपर्यंत त्या चादरीवर निजलेल्या माणसाची गोष्ट रचायची. नवी आई, घोरणारा व्यापारी, बायकोशी भांडून हॉटेलात राहायला आलेला मास्तर... हसता हसता दोघी नऊशे-साडेनऊशे चादरी सहज घालीत. मग आत्याचा खांदा गेला. डॉक्टरांनी तिला घरी बसविले, आणि ठिणगीसमोरची जागा रिकामी झाली.

नेमक्या त्याच सुमारास आमच्या व्यवस्थापकांना आनंदाचा झटका आला.

ते कुठलेसे शिबिर करून आले आणि त्यांनी 'आनंदी कार्य पंधरवडा' जाहीर केला. भिंतीभिंतींवर हसऱ्या तोंडाची पिवळी चित्रे चिकटविली गेली. कर्णे लावून सकाळपासून टाळ्यांची गाणी सुरू झाली. प्रत्येकाच्या छातीवर 'मी आनंदी आहे' असा बिल्ला. पंखे बंद होते ते बंदच राहिले. पिण्याच्या पाण्याचा नळ गळका होता तो गळकाच राहिला. पण बिल्ले मात्र नवे कोरे!

"हसत काम केलं की काम वाढतं," व्यवस्थापक घडीखोलीच्या दारात उभे राहून म्हणाले. "हे शास्त्र आहे."

"मग शास्त्रालाच सांगा ना समोरची टोकं धरायला," ठिणगी म्हणाली. "आठ दिवस झाले, माझ्यासमोर माणूस नाही."

व्यवस्थापक हसले, त्यांना हसणे भागच होते. मग त्यांनी खिशातून कागद काढला. घडी घालणारे यंत्र पाहून ठेवले आहे, असे त्यांनी सांगितले. पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, मोजणी होईल. एका पाळीत हजार चादरी झाल्या तर घडीखोली आहे तशी राहील. नाहीतर यंत्र येईल आणि ठिणगी जाईल ओल्या विभागात.

ओला विभाग हे शब्द ऐकताच तिने आपले हात पाठीमागे नेले. घडीखोलीत येण्यापूर्वी तीन वर्षे ती तेथे होती. चादरी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तिच्या हातांची कातडी फाटत असे. बोटांच्या पेरांतून रक्त येई आणि धुतलेल्या पांढऱ्या कापडावर त्याचे ठिपके उमटत, म्हणून पुन्हा तिलाच बोलणी बसत. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, पुन्हा त्या पाण्यात हात घातलेस तर हात कायमचे जातील.

"माणूस देतो तुम्हाला," व्यवस्थापक जाता जाता म्हणाले. "एक मोकळा झालाय."

तो मोकळा का झाला होता, हेही सांगितले पाहिजे. कोणीतरी एक हसरे पिवळे तोंड वाळवणी यंत्राच्या तापमापकाच्या काचेवर चिकटविले होते. वकिलाने ते खरवडून काढले आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर नेऊन ठेवीत म्हटले, "याला तापमान वाचता येत नाही. मला येतं." त्याच दिवशी त्याच्या हातून हत्यारांची पेटी काढून घेण्यात आली.

दुपारी तो घडीखोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही?" ठिणगी म्हणाली.

"मी."

"देवा! साऱ्या केंद्रात दुसरा माणूस मिळाला नाही?"

"हाच प्रश्न मीही विचारला होता."

पहिले तीन दिवस दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही. ती टोके त्याच्या हाती देताना भिंतीकडे पाही आणि तो छताकडे. घड्या वाकड्या पडत, काठ जुळत नसत, चादरी पुन्हा उलगडाव्या लागत. वरून कर्ण्यातल्या टाळ्या. पहिल्या दिवशी सहाशे दहा. दुसऱ्या दिवशी सहाशे तीस. तिसऱ्या दिवशी सहाशे.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा बांध फुटला.

"झटका द्यायचा असतो! झटका! चादर आहे ती, पाळण्यातलं बाळ नाही!"

"तुम्ही सांगितलंत कधी?"

"सांगायला काय हवं? दिसत नाही?" फाट्!

"दिसायला तुम्ही इकडे बघू तरी देता का? सारखा चेहरा असा, जणू मी तुमचं घर लुटलंय!" फाट्!

"बासष्ट चादरी पाडल्यात माझ्या!" फाट्!

"म्हणजे बासष्ट हे मान्य आहे तर!" फाट्!

मी भिंतीपलीकडे फावडे हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्या झटक्यांना एक ताल आला होता. ती बोलत बोलत पुढे येई, तो उत्तर देत देत मागे जाई; तो बोलत पुढे येई, ती उत्तर देत मागे सरे. राग असा अंगात भिनलेला, की चादर ताणली जाताच सुरकुतीची काय बिशाद राहावयाची! जेवणाच्या सुट्टीत ठिणगीने रॅककडे पाहिले आणि ती एकदम गप्प झाली.

"काय झालं?" त्याने विचारले. "मुद्दे संपले?"

"चारशे सत्तर," ती हळूच म्हणाली. "अर्ध्या पाळीत... चारशे सत्तर झाल्यात."

त्याने नेहमीप्रमाणे मोजून पाहिल्या. चारशे सत्तरच होत्या.

त्या संध्याकाळी खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेल्या आत्याला तिने सारी हकिकत सांगितली.

"असा भांडकुदळ माणूस मी जन्मात पाहिला नाही, आत्या."

"अगं, मग भांड की," आत्या म्हणाली. "माझ्याशी गोष्टी रचायचीस, त्याच्याशी भांड. हातांना काय, मन कशात तरी गुंतलेलं हवं. आणि ऐक... दिसायला कसा आहे?"

"आत्या!"

"नाही, आपलं सहज विचारलं."

दुसऱ्या दिवसापासून भांडणास नियम आले. रोज नवा विषय. काल वापरलेला टोमणा आज चालणार नाही. ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला, आणि हरलेल्याने घड्यांचा गठ्ठा उचलून रॅकवर नेऊन ठेवायचा. झोपलेल्या माणसाला उठवावे की उठवू नये, यावर एक पूर्ण दिवस गेला. चहा गरम प्यावा की कोमट, यावर अर्धा. मांजर माणसाला ओळखते की फक्त त्याच्या हातातल्या वाटीला, या विषयावर तर असे कडाक्याचे भांडण झाले की ओल्या विभागातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातही दोन तट पडले.

आठशे ऐंशी. नऊशे चाळीस. नऊशे नव्वद. बुधवारी एक हजार बारा.

भांडता भांडता माणूस समोरच्याकडे पाहतोच. त्यावाचून भांडता येत नाही. त्याच्या भुवईत एक जुना व्रण आहे, हे तिला दिसले. ती जिंकणारा मुद्दा मांडण्याआधी डोळे किंचित मिटते, हे त्याला दिसले. टोके देता-घेता बोटे बोटांना लागत. प्रथम लागत आणि लगेच सुटत; पुढे पुढे लागत आणि... सुटण्यास अंमळ उशीर होई.

आणि तेथेच सारा घोटाळा झाला.

गुरुवारी सकाळी तिने विषय काढला: रागावणारी माणसे चांगली की शांत माणसे? त्यावर ती तावातावाने बोलत पुढे आली. तिने टोके पुढे केली. त्याने ती घेतली, पण तिची बोटे सोडली नाहीत. तिच्या पेरांवरच्या पांढुरक्या जुन्या भेगांकडे तो पाहत राहिला.

"हे ओल्या विभागातलं?"

"...हो."

"दुखतं?"

"आता नाही."

त्याने अंगठा त्या भेगांवरून हलकेच फिरविला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. रागावणारी माणसंच चांगली."

वाचकहो, त्या माणसाने आयुष्यात प्रथमच कोणाचे तरी बरोबर आहे असे म्हटले होते. ठिणगीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने घडी उचलली ती वाकडी, सोडली, पुन्हा उचलली. त्यानंतर दिवसभर "तुम्ही घ्या आधी," "नाही नाही, तुम्ही," "लागलं का?" असेच चालले. झटके मऊ पडले. भिंतीपलीकडे मला नुसती कापडाची सळसळ ऐकू येई.

गुरुवारी सातशे ऐंशी. शुक्रवारी सातशे दहा.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याने विचारले, "किती?"

ठिणगीने आकडा सांगितला. आत्याने गरम पिशवी बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई. प्रेमात पडलीस वाटतं."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी कसलं? रडतेयस आणि हसतेयस. एकीकडे हात जायची वेळ आली आणि ही इथे लाजतेय! उद्या शनिवार आहे, कळतंय का?"

शनिवार उजाडला. व्यवस्थापक सकाळीच येऊन गेले. त्यांच्यासोबत यंत्र विकणारा माणूस होता. त्याने घडीखोलीची मापे घेतली, जणू आतली माणसे निघूनच गेली आहेत. कर्ण्यातल्या टाळ्या दुप्पट मोठ्या केल्या होत्या. ठिणगी आणि वकील यांनी भांडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तिने विषय काढला, त्याने कसाबसा विरोध केला, आणि तिसऱ्या वाक्याला दोघेही हसले. ठरवून केलेले भांडण आणि बिल्ला लावून आणलेले हसू, यांत फरक तो काय? जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशे दहा.

सुट्टीत ओल्या विभागातली एक बाई ठिणगीकडे आली आणि म्हणाली, "तुला काळजी नाही बाई. हजार झाल्या नाहीत तरी तू कुठे येतेस आमच्यात? तुझ्याऐवजी वकील येणार. कालच साहेबांना लिहून दिलंय त्याने."

ठिणगी उठली. हातातला चहाचा पेला तिने असा ठेवला की त्याला तडा गेला. घडीखोलीत येऊन तिने चादरीची दोन टोके उचलली आणि उरलेली दोन त्याच्या अंगावर फेकली.

"धरा!"

"काय झालं?"

"काय लिहून दिलंत तुम्ही साहेबांना?"

तो गोरामोरा झाला. "ते... तुमचे हात—"

"माझे हात!" फाट्! "हात माझे, नोकरी माझी, आणि निर्णय यांचा! मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?" फाट्!

"नसते म्हणाले!" फाट्!

"म्हणून नाही विचारलं!" फाट्!

"म्हणजे मी घड्या घालणार यंत्राशेजारी उभी राहून, आणि भिंतीपलीकडे तुमच्या हातांतून रक्त येणार, आणि मी काय करायचं? बिल्ला लावून हसायचं?" फाट्!

"माझी कातडी जाड आहे!" फाट्!

"डोकं जाड आहे!" फाट्!

हे भांडण खरे होते. त्यास नियम नव्हते, विषय ठरलेला नव्हता. चादरी हातांतून अशा जात होत्या की ओल्या विभागातल्या बायका आपण होऊन गाड्या आणून देऊ लागल्या. एकीने खुर्चीवर चढून कर्ण्याची तार उपटली. मी बॉयलरची वाफ सांभाळीत होतो आणि एकीकडे झटके मोजीत होतो.

"कोण लागतोस तू माझा? कोणत्या नात्याने माझ्यावर उपकार करतोस?" आता ती अहो-जाहोच्या पलीकडे गेली होती. फाट्!

"उपकार नाही!" फाट्!

"मग काय आहे?" फाट्!

"मला तुझ्यासमोर उभं राहायचंय, म्हणून आहे! रोज! तू बोलत पुढे येतेस आणि मी मागे जातो, ते मला हवंय! यंत्र आलं की ते जाणार. मग निदान तुझे हात तरी राहावेत, एवढंच—"

फाट् झाले नाही.

"थांबू नकोस!" ती ओरडली. "नऊशे साठ झाल्यात! बोलत राहा!"

"आणखी काय बोलू? सगळं बोललो!"

"माझं ऐक मग! मलाही तेच हवंय, आणि आधीपासून हवंय! आणि तू मला न विचारता तेच टाकून देत होतास, म्हणून मी चिडलेय! कळलं?" फाट्!

"आधीपासून म्हणजे कधीपासून?" फाट्!

"बासष्टपासून!" फाट्!

पाळी संपण्यास चार मिनिटे होती तेव्हा व्यवस्थापक आणि यंत्रवाला दारात आले. त्यांनी तोंड उघडताच दोघांनी एकदमच त्यांच्याकडे असे पाहिले की ते तोंड मिटून दोन पावले मागे गेले. रॅक भरला होता. ठिणगीने त्याकडे नुसते बघितले.

"नऊशे नव्याण्णव. ही हजारावी."

"एकने चुकत असशील तर?" वकिलाने विचारले.

"तर मोज."

"नाही मोजत," तो म्हणाला.

शेवटची चादर ताणली गेली. एक झटका बसला, इतका कडक की बॉयलरखोलीत माझ्या भिंतीवरचा धुरळा हलला. लांबीची घडी पडली. ती त्याच्याकडे चालत गेली आणि तिने आपली टोके त्याच्या हाती दिली. आता खाली लोंबणारी घडी उचलून तिने मागे सरायचे होते. ती सरली नाही. घंटेला मिनिट उरले होते.

"घडी..." तो कुजबुजला. "घडी उचल. साहेब बघताहेत."

"आधी सांग, आज हरलं कोण?"

त्याने उत्तर शोधले. मला खात्री आहे की त्या माणसाने मनापासून शोधले. "मी," तो म्हणाला.

"मग गठ्ठा तू उचल." तिने घडी उचलली, मागे गेली, परत आली, आणि घंटा झाली.

व्यवस्थापकांनी स्वतः मोजल्या. हजार होत्या. यंत्रवाला आपली मापपट्टी गुंडाळून निघून गेला. व्यवस्थापक टाळी वाजवून म्हणाले, "पाहिलंत? शेवटी आनंदानेच काम होतं!" आणि फलकावर लावण्यासाठी त्यांनी दोघांचा फोटो काढला. ते छायाचित्र अजूनही तेथे आहे. खाली 'आमचे आनंदी कामगार' असे लिहिले आहे, आणि वर ती दोघे एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत आहेत.

सोमवारी सकाळी मी नळाच्या भोकाशी कान नेला. हे बरे नव्हे, पण मी नेला.

"आजचा विषय?" त्याचा आवाज.

"लग्नानंतर सकाळचा चहा कोणी करायचा." फाट्!

"ज्याला आधी जाग येईल त्याने."

"म्हणजे मी! हे आधीच ठरवून बोलतोयस तू!" फाट्!

"आणि कोमट करशील, ते वेगळंच!" फाट्!

मी भोकाशेजारून बाजूला झालो आणि बॉयलरमध्ये कोळसा टाकला. त्या दिवशी एक हजार एकशे चार झाल्या.